तुटक्या कोपऱ्याची थायरॉईड

मंगळवार, २० फेब्रुवारी

आधी एक दुरुस्ती. मागच्या शुक्रवारी मी इथे लिहिलं आहे, "आज मायक्रोस्कोपखाली मज्जातंतू हलताना पाहिले. काळे, बारीक, वळवळणारे. अंगावर काटा आला." ते मज्जातंतू नव्हते. त्या माझ्या पापण्या होत्या.

चुकीचं लिहिलेलं गिचमिड करून खोडायचं नाही, असा आईचा नियम आहे. एकच रेघ मारायची, म्हणजे खालची चूक वाचता येते, आणि वर बरोबर लिहायचं. आई मुद्रितशोधक आहे. जन्मभर लोकांच्या वेलांट्या सरळ करत आली. दहावीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आईनेच जेवणाच्या टेबलावर शिकवलं, त्यामुळे तिचे नियम माझ्या हाडात मुरलेले आहेत. मी शुक्रवारच्या पानावर एक रेघ मारली आणि वर "पापण्या" असं लिहिलं. पान फार केविलवाणं दिसतंय.

मला हे आज कळलं ते लांब्यामुळे. लांब्या म्हणजे माझा बेंचवरचा जोडीदार. दोघांत एक मायक्रोस्कोप असतो आणि नशिबाने मला ताडाचं झाड मिळालं आहे. मी त्याला म्हटलं, "बघ ना, आजही हलतायत."

त्याने वाकून बघितलं. "काही हलत नाहीये."

"मी बघते तेव्हा हलतात."

"तू डोळे मिचकावतेस तेव्हा?"

मी मिचकावले. हलले.

"डोळा जरा लांब धर," तो म्हणाला. "पापण्यांनी झाडू मारतेस काचेवर."

खरं तर मला कळायला हवं होतं. आम्ही बघतो ती ऊती केव्हाच मेलेली असते. औषधात मुरवलेली, मेणात बसवलेली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेली, मग जांभळ्या आणि गुलाबी रंगात बुचकळलेली. त्यातलं काय वळवळणार? आणि तरी मी "अंगावर काटा आला" असंही लिहून मोकळी झाले. काटा मात्र खरंच आला होता. त्यावर रेघ मारायची की नाही हे ठरत नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पहिल्या चाचणीचे गुण लागले. नापास.

या चाचणीत ओळीने मायक्रोस्कोप मांडलेले असतात, स्लाइडवरच्या नावाच्या चिठ्ठ्या झाकलेल्या. घंटा वाजली की पुढच्यापाशी जायचं, आत डोकवायचं आणि कोणत्या अवयवाची ऊती आहे ते लिहायचं. मी लिहिलं: बहुधा यकृत. बहुधा मूत्रपिंड. बहुधा जठर, पण आतडंही असू शकेल. एका ठिकाणी मात्र "हाड" असं नुसतं लिहिलं, कारण हाडाबद्दल कुणालाही शंका येणार नाही. गुण फक्त हाडाला मिळाले.

विभागप्रमुख मॅडमनी माझा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्यांना सगळे फोकस मॅडम म्हणतात. "फोकस!" असं त्या इतक्या जोरात ओरडतात की काचा थरथरतात आणि असलेला फोकसही जातो. त्या म्हणाल्या, "रुग्णाला काय सांगणार? 'बाई, तुम्हाला बहुधा यकृत आहे'?"

सगळे खो खो हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. आता अख्खी बॅच मला बहुधा म्हणते. "ए बहुधा, पेन दे." "बहुधा आली का?" "बहुधा आली."

दुसरी चाचणी २१ मार्चला. तीत नापास झाले तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून, खालच्या बॅचबरोबर. माझा मेडिकलला प्रवेश झाला तेव्हा आत्या म्हणाली होती, "टेबलावर शिकलेली पोर, चार मुलांत टिकायची नाही." आई तेव्हा काही बोलली नाही. फक्त आत्याने पाठवलेल्या अभिनंदनाच्या संदेशातल्या तीन चुका मोठ्याने वाचून दाखवल्या.

मी खालच्या बॅचमध्ये गेले तर आई काहीच बोलणार नाही. त्याचीच भीती वाटते.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आणि तरीही! नापास झालेल्या मुलीला इतका आनंद होणं योग्य आहे का? आज लहान आतडं पाहिलं. गुलाबी बोटं, हजारो बोटं, सगळी एकाच दिशेने हात वर करून उभी, जणू कुणी विचारलंय, "उत्तर कुणाला येतं?" मग मूत्रपिंड: लोकरीचे गुंडे वाटीत ठेवल्यासारखे. मग त्वचा. माझ्या हातावर हे सगळं आत्ता, लिहिताना, चालू आहे. मी बसमध्ये स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले आणि दोन थांबे पुढे गेले.

घरी येऊन मी ताईला सगळं सांगत सुटले. ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे, बाळ दीड महिन्याचं आहे आणि ताईला मांडीवरून हलता येत नाही, त्यामुळे तिला ऐकावंच लागतं.

"हिला ऊतिशास्त्राने ऊत आलाय," ताई म्हणाली.

आई आतून ओरडली, "दोन्हीकडे ऊ दीर्घ!" मग टॉवेलला हात पुसत बाहेर आली. "पण लक्षात ठेव. 'ऊती' एकटी असली की तिची 'ती' दीर्घ. समासात गेली की ऱ्हस्व. ऊतिशास्त्र."

"म्हणजे लग्न झालं की ऱ्हस्व होते," ताई म्हणाली. "माझ्यासारखी."

आई इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं.

एक काळजीची गोष्ट. मला हल्ली प्रॅक्टिकलला गरगरतं. कानशिलं गरम होतात, मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं की खोली तरंगते. नोंद करून ठेवते, कारण डोळ्यांचं काही असलं तर वेळीच कळलेलं बरं.

सोमवार, २६ फेब्रुवारी

बाबांकडून डोळे तपासून घेतले. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी मला त्या उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट ठेवली आणि काचा बदलत राहिले.

"आता?"

"स्पष्ट."

"आता?"

"तेवढंच स्पष्ट."

"डोळे ठणठणीत आहेत. गरगरतं कधी?"

"प्रॅक्टिकलला."

"रोज?"

मी नीट आठवून सांगितलं. मंगळवारी झालं. शनिवारी झालं. गुरुवारी नाही झालं. गुरुवारी लांब्या आजारी होता आणि मी एकटीच बेंचवर होते. म्हणजे मायक्रोस्कोप तोच, दिवा तोच, स्टूल तेच. मी म्हटलं, "कदाचित तो वाकतो तेव्हा उजेड अडतो आणि डोळ्यांवर ताण येत असेल."

बाबांनी चौकट उतरवली आणि तिच्या काचा पुसायला घेतल्या. त्या काचा स्वच्छच होत्या. खूप वेळ पुसल्या.

"बाबा, नंबर लागलाय का?"

"याला नंबर लागत नसतो," ते म्हणाले. "कसा आहे मुलगा?"

मी सांगितलं की तसा बरा आहे पण त्याचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. माझी पाळी यायच्या आत स्लाइड फोकस करून ठेवतो, जणू मला चाक फिरवता येत नाही. आणि माझ्या जांभळ्या-गुलाबी पेन्सिली कुणीतरी वापरतं. मी मोडक्या टोकाच्या ठेवते आणि दुसऱ्या दिवशी टोक केलेल्या सापडतात. चोरी लपवण्यासाठीच असणार.

बाबा म्हणाले, "चोर बरा दिसतोय."

त्यांनी रात्री हे आईला सांगितलं असावं, कारण मी खोलीत गेल्यावर दोघं एकदम हवेबद्दल बोलायला लागली.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

आज बॅचचं गुपित कळलं आणि मन खट्टू झालं.

आमचा एक पुढारी आहे. निवडून आलेला नाही, पण सगळ्यांच्या वतीने बोलतो. त्याने आम्हाला जमवलं आणि स्लाइडची लाकडी पेटी उघडून दाखवली. म्हणाला, "मायक्रोस्कोपमध्ये डोकवायची गरजच नाही. ही निळसर झाक असलेली, प्लीहा. हिच्यावर ओरखडा, यकृत. वर्षानुवर्षं हीच पेटी आहे. आणि ही," त्याने एक स्लाइड उजेडात धरली, तिचा एक कोपरा तुटलेला होता, "ही आपली लाडकी. दरवर्षी येते. कोपरा दिसला की डोळे मिटून लिहायचं: थायरॉईड."

"पण आत बघायचं नाही?" मी विचारलं.

"बहुधा, तुला पास व्हायचंय की बघायचंय?"

हा प्रश्न मला दिवसभर छळतोय. मला दोन्ही हवंय.

सोमवार, ४ मार्च

नीट क्रमाने लिहिते.

तुटक्या कोपऱ्याची स्लाइड आज आमच्या बेंचवर आली. लांब्याने नेहमीप्रमाणे आधीच फोकस करून ठेवली होती. मी पाहिलं: गुलाबी लगद्याने भरलेल्या गोल गोल पिशव्या, भोवती पेशींची एक रांग. पुस्तकात थायरॉईड अशीच असते. गळ्यातली ही ग्रंथी आपला रस त्या पिशव्यांत साठवते आणि तो थेट रक्तात सोडते. तिला नळी नसते. नलिकाविरहित ग्रंथी, पहिल्या आठवड्यातलं पाठांतर.

मी जरा डावीकडे सरकायला गेले. पण मायक्रोस्कोपमध्ये सगळं उलटं असतं. काच उजवीकडे ढकलली की चित्र डावीकडे पळतं. मला हे अजून जमत नाही आणि शेजारी लांब्या वाकून उभा असला की अजिबातच जमत नाही. मी भलतीकडे ढकलत गेले. ढकलत गेले. मधला भाग संपला, जिथे सगळे बघतात तो. मी पार काठावर पोचले.

तिथे एक नळी होती.

दुहेरी पेशींच्या भिंतीची, ऐसपैस नळी. आत थोडा गुलाबी गाळ.

मी डोकं वर काढलं. खाली घातलं. नळी होतीच. पापण्या मिचकावून पाहिल्या, नळी हलली नाही.

"काय झालं?" लांब्याने विचारलं. "घाम आलाय तुला."

"काही नाही. गरगरतंय."

नळी नसलेल्या ग्रंथीत नळी! म्हणजे बिनदाराच्या घरात दार. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण मला जोरात हसू येत होतं.

मंगळवार, ५ मार्च

ग्रंथालयात बसून चित्रं ताडून पाहिली. थायरॉईड नव्हेच.

दोन्ही सारख्या दिसतात हे पुस्तकातच लिहिलंय, ठळक अक्षरांत, "विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते" असं. पिशव्यांचे घोसके, घोसक्यांमधून जाणारे पांढुरके पट्टे, पिशव्यांतल्या लगद्यात बुडबुड्यांसारख्या रिकाम्या जागा. तिथे चरबीचे थेंब होते, ते स्लाइड तयार करताना विरघळून गेले. आणि नळी. ही बाळंतिणीची स्तनग्रंथी आहे. तो गुलाबी लगदा म्हणजे दूध.

घरी आले तेव्हा ताई बाळाला पाजत होती. मी दारातच उभी राहिले.

"काय टक लावून बघतेस?" ताई म्हणाली. "परीक्षा माझ्या दुधाची आहे की तुझी?"

बाळाने तोंड सोडलं. ओठावर दुधाचा एक बुडबुडा आला आणि फुटला. मला एकदम भरून आलं. ताईला वाटलं चाचणीची भीती. तिने मोकळ्या हाताने माझं डोकं खांद्यावर ओढलं आणि एका खांद्यावर मी, एका खांद्यावर बाळ, दोघांच्याही पाठीवर थोपटलं. ढेकर बाळाने दिली.

गुरुवार, ७ मार्च

मॅडमना विचारायला गेले आणि फजिती करून घेतली.

त्या प्रयोगशाळेत एकट्याच होत्या. मी म्हटलं, "मॅडम, त्या तुटक्या कोपऱ्याच्या स्लाइडबद्दल..."

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"थायरॉईड."

"अक्षर ओळखता का?"

मी पाहिलं. तिरकं, टोकदार अक्षर. फळ्यावर रोज दिसतं ते. चिठ्ठी त्यांनीच लिहिलेली आहे, कधीतरी पूर्वी, शाई तपकिरी झाली आहे.

"तुम्हाला काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "बहुधा थायरॉईड."

हे खोटं होतं. आईच्या टेबलावर मी कधी खोटं बोलले नव्हते आणि इथे एका शब्दाआड लपून बोलले. मॅडमनी स्लाइड पेटीत ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या खोलीत येऊन कुणी कुजबुजलेलं मला चालत नाही. जे दिसलं ते बेंचपाशी, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. समजलं?"

"हो मॅडम."

त्या गेल्या. स्लाइडच्या कपाटाची किल्ली कुलपातच विसरून गेल्या. मी धावत जिन्यापर्यंत जाऊन त्यांना दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच काहीतरी चोरलंय.

शनिवार, ९ मार्च

मॅडम पुन्हा किल्ली विसरल्या! इतक्या काटेकोर बाई, वय होतंय बिचारीचं. मी पुन्हा नेऊन दिली. या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही फार प्रामाणिक आहात," पण चेहऱ्यावरून ते कौतुक वाटलं नाही. मग स्वतःच परत आल्या, कपाट उघडलं, तुटक्या कोपऱ्याची स्लाइड माझ्या बेंचवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही इथेच राहू दे. मला नंतर हवीय." आणि घरी गेल्या.

नंतर म्हणजे कधी ते न सांगता. मी राखण करत बसले. बसल्या बसल्या सगळी स्लाइड कानाकोपऱ्यासकट काढली, गुलाबी पेन्सिल निम्मी झाली. नळ्या एकूण तीन सापडल्या.

मॅडम काही आल्या नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

लांब्याला सांगितलं. सांगावंच लागलं, त्याने माझं चित्र पाहिलं.

"हे काय काढलंयस?"

"तुटका कोपरा."

त्याने चित्र पाहिलं, मग काच लावून बराच वेळ आत पाहिलं. मी स्टुलावर बसून त्याच्या कानाकडे बघत होते. कानाच्या पाळीत हाड नसतं, कूर्चाही नसते, फक्त त्वचा आणि चरबी; त्याच्या पाळीला एक बारीकशी खाच आहे. फार गरगरलं.

तो सरळ झाला. "आयला," तो म्हणाला. "आपण सगळे इतकी वर्षं दुधाला थायरॉईड म्हणतोय."

"आपण नाही, आधीचे. आपण सहा महिनेच."

"तू मॅडमना सांगितलंस?"

"अक्षर त्यांचं आहे."

त्याने चिठ्ठी निरखून पाहिली. मग म्हणाला, "हे बघ. चाचणीत ही स्लाइड येणार. 'थायरॉईड' लिही, गुण घे, पास हो. मग आयुष्यभर खरं बोल, कोण अडवतंय?"

"आणि खरं लिहिलं तर?"

"उत्तरपत्रिका चिठ्ठी बघून तपासतात. चूक धरतील." त्याने माझं चित्र परत दिलं. "तुला एकही गुण घालवून चालणार नाही ना गं."

तो मला "गं" म्हणाला हे मला आत्ता, लिहिताना, लक्षात आलं. आधी तो माझ्याशी असं बोललाय का, हे तपासायला मागची पानं चाळली. नाही.

दुपारी पुढाऱ्याला कुठून तरी कुणकुण लागली. बहुधा मी कँटीनमध्ये मोठ्याने बोलले असेन. तो हात जोडूनच आला. "बाई गं, ही न बघता ओळखता येणारी सगळ्यात हमखास स्लाइड आहे. अर्धी बॅच तिच्या भरवशावर आहे. तू सांगितलंस तर मॅडम पेटीच बदलतील. मग सगळ्यांनाच आत बघावं लागेल!"

तो हे इतक्या कळवळून म्हणाला की मला हसू आवरेना. तो चिडला. "हस, हस. तू बुडशील आणि आम्हालाही घेऊन बुडशील."

गुरुवार, १४ मार्च

दोन दिवस बॅचमधलं कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पेन मागायलाही कुणी येत नाही. लांब्या सोडून. तो काहीच झालं नाही असं दाखवत पेन्सिलींना टोक करत बसला होता. माझ्या पेन्सिलींना. म्हणजे चोर तोच! मी काहीच बोलले नाही, भांडायची ही वेळ नव्हे.

संध्याकाळी आईला विचारलं. स्लाइडचं नाव न घेता, आडवळणाने. "आई, एखाद्या छापून झालेल्या पुस्तकात तुला चूक दिसली, आणि ती तुझ्याच मुख्य संपादकाची असली, तर?"

"कितवी आवृत्ती?"

"खूप झाल्या असतील. दरवर्षी एक."

"आणि कुणीच पाहिली नाही?"

"सगळे पाठ करतात. वाचत नाहीत."

आईने पेन खाली ठेवलं. "तुला खात्री आहे ती चूक आहे याची?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेहमीचा शब्द यायच्या बेतात होता. तो आला नाही. मी म्हटलं, "हो."

आईने पेन पुन्हा उचललं. मग एवढंच म्हणाली, "मग पुढच्या आवृत्तीची वाट बघण्यात काय शहाणपण आहे?" आणि कामाला लागली. तिचे कान लाल झाले होते. आनंद झाला की तिचे कान लाल होतात. माझेही होतात, म्हणूनच कानशिलं गरम होण्याकडे मी कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आता देऊ का?

शनिवार, १६ मार्च

सगळ्या बाजूंनी विचार केला.

गप्प राहिले तर पास होईन. खालच्या बॅचची भीती नाही, आत्याचं तोंड बंद. पुढच्या वर्षी पुढारी क्रमांक दोन नव्या मुलांना कोपरा दाखवील.

चाचणीतच खरं लिहिलं तर नुकसान फक्त माझं. लांब्या म्हणतो हे सगळ्यात थोर, आणि सगळ्यात मूर्खपणाचं.

सांगितलं तर मॅडमना, सगळ्यांसमोर, त्यांच्याच अक्षरावर. चाचणीच्या तीन दिवस आधी. आणि गुण त्यांच्याच हातात. पुढारी बोलणार नाही, बॅच बोलणार नाही. आणि मीच चुकले असेन तर? तीन नळ्या आहेत, घोसके आहेत, बुडबुडे आहेत. मी आज पुन्हा बघून आले. चुकले नाही.

पण निर्णय यातल्या कशानेही झाला नाही. आज ताईला ताप आला आणि बाळाला बाटलीने पाजायचं ठरलं. ते काही केल्या बाटली धरेना. रडून रडून लाल झालं. ताई पलीकडच्या खोलीत तापात पडलेली, बाळाचा आवाज ऐकून उठून बसायला बघायची आणि आई तिला पुन्हा झोपवायची. तिचा झगा दुधाने भिजला होता. "अगं, ओसंडून चाललंय आणि हा तिकडे उपाशी," असं म्हणून ती रडली. शेवटी आई म्हणाली, "दे त्याला तिच्याजवळ, दोघांनाही बरं वाटेल," आणि दोन मिनिटांत घर शांत झालं.

मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या डोक्यात ती काच आली. त्या काचेखालची बाई अशीच भरलेली होती. ते दूध कुणासाठी तरी होतं. ते कुणाच्या पोटात गेलं नाही, रंगवलं गेलं, काचेखाली बसलं. तिचं काय झालं, बाळाचं काय झालं, हे मला कधीच कळणार नाही, आणि मी ते रचूनही लिहिणार नाही. तिचं नाव पेटीत नाही, ते असायचंही नाही. पण ती काय देऊन गेली, निदान तेवढं तरी चिठ्ठीवर बरोबर असावं. शिकवायला ठेवलं आहे ना तिला? मग तिच्याकडून शिकायला हवं. आम्ही तिचा कोपरा पाठ करतोय.

संध्याकाळी लांब्याला फोन करून सांगितलं.

"ठरलं?"

"ठरलं."

"मी शेजारी उभा राहीन."

"का? तुलाही धोका."

"बेंच माझाही आहे," तो म्हणाला. "आणि तू घाबरलीस की काच उलटी ढकलतेस. मॅडमना नळी दाखवायला कुणीतरी सरळ ढकलणारं हवं."

हे मात्र खरं आहे. मी त्याला निक्षून सांगितलं की फार जवळ उभं राहायचं नाही, उजेड अडतो. तो म्हणाला बरं. फोन ठेवल्यावर मी खोलीत चार फेऱ्या मारल्या, दोनदा स्वतःशीच हसले आणि एकदा खुर्चीला अडखळले. ताईचा ताप उतरलाय. बाळ झोपलंय. पोटात नुसत्या गुदगुल्या होतायत, याला भीती म्हणावं तर भीती अशी नसते.

वाक्य तयार आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं, बाबांसमोर म्हटलं, बाळासमोरही म्हटलं: "मॅडम, ही थायरॉईड नाही. ही दूध देणारी स्तनग्रंथी आहे. मी नळी दाखवते."

आता परवा, सोमवार, १८ मार्च. सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल, पेटी उघडल्या उघडल्या, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात.